लसीकरणाच्या रांगेत आईलाही एक प्रश्न विचारा

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. नात्यातल्या एका नव्या सुनेची मंगळागौर होती, हॉल वगैरे नाही, घरीच, सोफा गॅलरीत ढकलून जागा केलेली. झिम्मा झाला, फुगडी झाली, किस बाई किस झालं आणि मग कोणीतरी "कोंबडा!" म्हणून ओरडलं तेव्हा बघते तर भिंतीला टेकून बायकांची अख्खी ओळ बसलेली. सगळ्या तीस ते पंचेचाळीसमधल्या, सगळ्या लेकुरवाळ्या. एकीचे गुडघे, एकीची कंबर, एक म्हणे आत्ताच जेवलेय गं. मी पण त्याच ओळीत होते आणि माझा पाय मुरगळला होता, म्हणजे असं मी सांगितलं होतं, पाय ठणठणीत होता. नंतर ओट्यापाशी वाट्या विसळताना चुलत जाऊ हळूच म्हणाली, "उडी मारली की होतं ना गं जरासं, म्हणून मी बसूनच राहते." मी म्हटलं, "माझं पण." तेवढ्यात तिसरी, आमच्याहून मोठी, ताटं घेऊन आत आली आणि कोणी काही न विचारता म्हणाली, "माझं तर आता बारा वर्षं झाली."

"होतं ना जरासं." काय होतं, कुठे होतं, कशामुळे होतं, या वाक्यात काहीच नाहीये, शाळेतल्या बाईंनी लाल शाईने गोल केला असता. पण ओट्यापाशी उभ्या असलेल्या तिघींनाही ते पूर्ण समजलं. शिंकलं, खोकलं, खळखळून हसलं, पाण्याचा कॅन उचलला, पोराच्या मागे पळलं की लघवीचे थेंब जातात. एवढीच गोष्ट आहे. आणि ती इतक्या बायकांना आहे की मला आता राग येतो तो त्रासाचा नाही, तो कुणीच न विचारण्याचा.

आधी हे नक्की काय असतं ते सांगते, कारण मराठीत याला धड शब्दच नाही. पुस्तकात 'श्रोणी' वगैरे लिहितात, ते वाचून कोणाला स्वतःचं शरीर आठवेल असं वाटत नाही. इंग्रजीत पेल्विक फ्लोअर म्हणतात, म्हणजे जमीन, पण ती जमीन नसतेच. माझ्या फिजिओने मला पहिल्या दिवशी सांगितलं की बाळाची झोळी डोळ्यासमोर आणा. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत बांधलेली स्नायूंची झोळी. तिच्यावर लघवीची पिशवी, गर्भाशय आणि शौचाचा शेवटचा भाग टेकलेला असतो आणि तिन्हीच्या वाटा याच झोळीतून खाली जातात. आपण शी-सू धरून ठेवतो ते या झोळीच्या जोरावर. नऊ महिने तिच्यावर वाढतं ओझं असतं, त्यात गरोदरपणात सगळे सांधे-स्नायू सैल पडलेले, आणि मग एक दिवस त्यातूनच आख्खं मूल बाहेर येतं. कधी आपोआप फाटतं, कधी डॉक्टर कात्री लावतात, कधी चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून ओढावं लागतं. हात मोडला तर प्लास्टर काढल्यावर महिनाभर फिजिओ लिहून देतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी फिजिओ बेडपाशी हजर. आणि इथे? इथे टाके विरघळले का ते बघतात.

माझं बाळंतपण 'नॉर्मल' झालं. हा शब्द पण एकदा तपासून घ्यायला हवा, चौदा तास कळा, टाके, मग पंधरा दिवस उशी घेऊन बसणं, याला नॉर्मल म्हणतात. सहा आठवड्यांनी चेकअपला गेले (हॉस्पिटलचं नाव घेत नाही, चांगलंच होतं, डॉक्टरही हुशार), टाके बघितले, बीपी बघितलं, बाळाचं वजन विचारलं, पुढच्या मुलात अंतर ठेवा म्हणून सांगितलं. निघताना दाराशी मी धीर करून म्हटलं की मॅडम शिंकलं की थोडं जातं. त्या म्हणाल्या, "होतं गं, बाळंतपणानंतर सगळ्यांचंच होतं, केगल करत जा." बाहेर अजून अकरा जणी बसलेल्या होत्या, त्यांचंही काय चुकलं म्हणा. केगल म्हणजे हीच झोळी आवळून सोडायचा व्यायाम. तीन शब्दांत माझा इलाज झाला. घरी येऊन व्हिडिओ बघितला आणि रोज रात्री गादीवर पडून श्वास रोखून, दात-ओठ खाऊन, ढुंगण आवळायला लागले. सव्वा वर्ष. काही फरक नाही, उलट वाढलं, आणि मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे.

मंगळागौरीनंतर एका मैत्रिणीने फिजिओचा पत्ता दिला. तिथे पहिल्याच तपासणीत कळलं की मी वर ओढायच्या ऐवजी खाली लोटत होते. सव्वा वर्ष रोज, नेमाने, उलटा व्यायाम. मी रडायच्या बेतात, तर त्या म्हणाल्या की हे फार कॉमन आहे, रोजच्या रोज बघते मी. नंतर वाचलं तर खरंच, १९९१ साली अमेरिकेत ४७ बायकांना नुसतं तोंडी सांगून हा व्यायाम करायला लावला आणि मोजलं, तर निम्म्याच जणींना नीट जमला आणि चौथा हिस्सा बायका असं काही करत होत्या की त्याने त्रास वाढला असता. मी त्या चौथ्या हिश्श्यातली.

याहून गंमत म्हणजे ज्या केगल साहेबांचं नाव आपण घेतो, ते आर्नोल्ड केगल, अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला तेव्हा त्याच्या बरोबर एक दाब मोजायचं यंत्र पण मांडलं होतं. म्हणजे बाईला स्वतःला काट्यावर दिसेल की आपण बरोबर आवळतोय की नाही. मूळ इलाज हा असा होता, तपासा, शिकवा, मोजा. पंचाहत्तर वर्षांत आपण यंत्र टाकून दिलं, तपासणी टाकून दिली, शिकवणं टाकून दिलं आणि "केगल करत जा" एवढं वाक्य ठेवलं. औषधाचं खोकं फेकून लेबल चघळावं तसं.

हा व्यायाम नीट शिकवला तर चालतो का, तर चालतो, आणि हे मी माझ्या एकटीच्या अनुभवावरून म्हणत नाहीये. कोक्रेन म्हणून जगभरचे प्रयोग एकत्र करून तपासणारी संस्था आहे. त्यांच्या २०१८ च्या आढाव्यात, खोकला-शिंकेने लघवी जाणाऱ्या ज्या बायकांनी हा व्यायाम केला त्यांतल्या ५६ टक्के जणी म्हणाल्या की आम्ही बऱ्या झालो, ज्यांनी केला नाही त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के. गोळी नाही, ऑपरेशन नाही. २०२० च्या आढाव्यात तर असं निघालं की ज्यांना काहीच त्रास नाही अशा बायकांनी गरोदरपणात लवकर सुरुवात केली तर शेवटच्या महिन्यांत लघवी सुटायचा धोका ६२ टक्क्यांनी आणि बाळंतपणानंतर तीन ते सहा महिन्यांत २९ टक्क्यांनी कमी होतो. आणि बाळंत झालेल्या साधारण एक तृतीयांश बायकांना हा त्रास असतो असं तेच लोक सांगतात. दर तिघींत एक. मंगळागौरीतली ओळ डोळ्यासमोर आणा.

आता माझा मुद्दा. तो 'प्रत्येक बाळंतिणीला फिजिओ द्या' असा नाहीये. तशी मागणी ऐकायला छान वाटते आणि खरं सांगायचं तर मी सुरुवातीला तेच म्हणत होते. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बाळंतपणानंतरच्या काळजीच्या ज्या शिफारशी काढल्या त्यात स्पष्ट लिहिलंय की त्रास टाळण्यासाठी म्हणून सरसकट सगळ्या बाळंतिणींना हा व्यायाम नव्याने सुरू करून देण्याची शिफारस आम्ही करत नाही. हे वाचून मी जरा चिडलेच होते. मग नीट वाचलं. सरसकट नको म्हणतायत, ज्यांना थेंब जातात त्यांना याचा फायदा सांगा असंही म्हणतायत. म्हणजे कोणाला जातात ते आधी कळायला हवं. आणि ते कळायला एकच मार्ग आहे, विचारणं. गरोदरपणात सगळ्यांना शिकवा, बाळंतपणानंतर सगळ्यांना विचारा, आणि जी हो म्हणेल तिला नीट तपासून शिकवणाऱ्याकडे पाठवा. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि यातलं सगळ्यात स्वस्त काम, विचारणं, तेच आपण करत नाही.

कुठे विचारायचं? सहा आठवड्यांच्या चेकअपला अर्ध्या बायका माहेरी असतात, टाके नाही दुखले तर जातच नाहीत. पण एक जागा अशी आहे जिथे जवळपास प्रत्येक आई जाते, ऊन असो पाऊस असो, नवरा रजा घेऊन सोडतो, आजी बरोबर येते. बाळाचं लसीकरण. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिने. या चारही वेळा आई तिथे तासभर बसलेली असते. बाळाचं वजन होतं, मांडीत इंजेक्शन होतं, तापाचं औषध किती द्यायचं ते सांगतात, कार्डावर पुढची तारीख पडते. त्या कार्डाचं नावच माता बाल संरक्षण कार्ड आहे बघा, माता आधी. तर त्या मातेला विचारायला काय हरकत आहे की बाई, तुझी लघवी सुटते का, शी-वारा धरता येतो का, खाली काही उतरल्यासारखं, जड वाटतं का. तीन प्रश्न. एक मिनिट सुद्धा लागत नाही.

आशाताई तर घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, सहा भेटी ठरलेल्या आहेत. बाळाचा ताप बघायचा, वजन करायचं, आईला रक्तस्राव जास्त नाही ना, ताप नाही ना. इथे लगेच कोणीतरी म्हणेल की आशांवर अजून एक काम टाका आता, आधीच त्या मानधनासाठी आझाद मैदानात बसतात. अगदी बरोबर आहे. फुकटात टाकू नका. पण बेचाळिसाव्या दिवशीच्या फॉर्मवर तीन चौकोन वाढवणं आणि त्याचे पैसे देणं, हे काही सरकारला न झेपणारं काम नाही. महाराष्ट्रात १०० पैकी जवळपास ९५ बाळंतपणं आता दवाखान्यात होतात असं २०१९-२१ चं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. बाई दवाखान्यात आणायचं अवघड काम आपण करून बसलोय. दारापर्यंत आणलेल्या बाईला एक प्रश्न विचारायचा राहिलाय.

शिकवण्याचं पण तसंच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, २०१६ पासून ही योजना चालू आहे. ९ तारखेला जाऊन बघा, सकाळपासून बाकावर तीस-चाळीस जणी फाईल घेऊन बसलेल्या असतात, डॉक्टर यायची वाट बघत, सोनोग्राफीची वाट बघत. नुसत्या बसलेल्या. त्या वेळात एका फिजिओने किंवा शिकलेल्या नर्सने पंधरा मिनिटं समोर खुर्ची टाकून शिकवलं तर? निदान श्वास रोखू नका, लघवी अर्ध्यात थांबवून व्यायाम करत बसू नका, खोकला यायच्या आधी आवळा, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, एवढं जरी कानावर पडलं तरी पुष्कळ झालं. इंग्लंडमध्ये नाईस नावाची संस्था डॉक्टरांसाठी नियम लिहिते, त्यांचं माप अगदी साधं आहे, एका वेळी निदान आठ वेळा आवळून सोडायचं, दिवसातून तीनदा, तीन महिने, आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली. देखरेख या शब्दाखाली मी दोन रेघा मारीन.

आता आपल्याकडचं बाळंतपण. मला माहेरच्या सव्वा महिन्याची टिंगल करायची नाहीये, उलट मला वाटतं जगात कुठेच बाळंतिणीला एवढं कोणी सांभाळत नसेल. कराडला आईने माझं सगळं केलं, सकाळी तेल लावायला मावशी यायच्या, मग कढत पाणी, मग शेगडीवर ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी, डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, सुंठ-पिंपळी. पण या सगळ्याचं लक्ष कुठे आहे ते बघा. दूध यावं, वात लागू नये आणि पोट सुटू नये. पोटाला तर पाच मीटर सुती पातळ गच्च आवळून बांधलं होतं, मला जेवताना श्वास घ्यायला त्रास व्हायचा. फिजिओला हे सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या टूथपेस्ट मधोमध दाबली तर जाणार कुठे? हलका आधार कमरेला बरा वाटतो, आवळलं की दाब खाली झोळीवर. चाळीस दिवस त्या मावशींनी माझ्या नखापासून केसापर्यंत सगळ्याला तेल लावलं, आणि जिथे खरी जखम होती त्या जागेबद्दल अख्ख्या घरात एक अवाक्षर नाही. धुरी दिली तिथे, तेवढंच. आईलाही मी काही बोलले नाही. नंतर कधीतरी बोलले तर ती म्हणाली, "मला तुझ्या दादाच्या वेळेपासून आहे." दादा बेचाळीस वर्षांचा आहे.

आणि गर्भसंस्कार. महिनोन्महिने क्लास, मंत्र, वीणेचं संगीत, बाळाचा मेंदू असा घडवा तसा घडवा, फी भरून. मी पण केला, छान वाटतं, नाही म्हणत नाही. पण तिथे आईच्या शरीराबद्दल मी ऐकलेलं एकमेव वाक्य म्हणजे आनंदी राहा. काही योगाच्या क्लासमध्ये मूलबंध शिकवतात, तो याच्या जवळचा आहे आणि चांगल्या शिक्षकाकडून शिकला तर कामाचाही. पण कधीकधी झोळी सैल नसते, उलट ताठरलेली असते, टाक्यांच्या व्रणाने, भीतीने, आणि अशा बाईला आणखी आवळायला लावलं तर दुखणं वाढतं, नवऱ्याजवळ जाणं तर नकोच होतं. तिला आधी सोडायला शिकवावं लागतं. हे हात लावून, तपासूनच कळतं, दोनशे जणींच्या वर्गात कळत नाही.

एक पेटंट वाक्य प्रत्येक वेळी येतं. पूर्वीच्या बायका शेतात बाळंत व्हायच्या, आठ-आठ मुलं, त्यांना कुठे काय व्हायचं? व्हायचं. सांगायच्या कोणाला? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायका तपासल्या, तो अभ्यास १९८९ च्या जानेवारीत लॅन्सेटमध्ये आला. तपासलेल्यांपैकी ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास झोळीपुरता नव्हता, जंतुसंसर्ग, पाळीचे आजार असं सगळंच होतं त्यात. पण मला त्यातलं घ्यायचंय ते एवढंच की बाई बोलत नाही म्हणून तिला काही नाही असं धरून चालणं हा या राज्यात एकदा सप्रमाण खोटा ठरलेला समज आहे. 'अंग बाहेर येणं' हा शब्दप्रयोग आपल्या आज्यांना ठाऊक होता, तो काय उगाच जन्माला आला का?

आणि न विचारण्याची किंमत बघायची असेल तर बीडला बघा. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी २०१९ मध्ये गाजली, सरकारने समिती नेमली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कारणं एक नाहीत, पांढरं जाणं, पाळीचा त्रास, कंबर, ओटीपोटात दुखणं, कॅन्सरची घातलेली भीती, वर पुन्हा खाडा पडला की मुकादम पैसे कापणार. माझं म्हणणं असं अजिबात नाही की फिजिओ असती तर बीडचं हे झालंच नसतं, तिथे मजुरीचा प्रश्न मोठा आहे. पण बाळंत होऊन महिन्या-दोन महिन्यांत डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई जेव्हा खाली जड वाटतंय म्हणून दवाखान्यात जाते तेव्हा तिच्यापुढे दोनच गोष्टी असतात, दुखणं अंगावर काढ नाहीतर पिशवी काढ. मधला रस्ताच नाही. तपासणारी, ओझं कसं उचलायचं ते शिकवणारी, गरज पडली तर आधाराची रिंग बसवण्याकडे पाठवणारी मधली पायरी कोणी बांधलीच नाही. गर्भाशय खाली उतरायला नुकती सुरुवात झालेली असते तेव्हा या पायरीचा उपयोग होतो. पार बाहेर आल्यावर व्यायामाने भागत नाही, तेव्हा ऑपरेशनच लागतं, ते ही खरंय.

मग सिझरच करा ना, असं एक भाऊजी मला गंभीरपणे म्हणाले होते. राज्यात चारातली एक बाई तशीही सिझरच होतीये, २०१९-२१ च्याच सर्वेक्षणात २५ टक्क्यांच्या पुढे आकडा आहे. सिझरने धोका कमी होतो, संपत नाही, कारण नऊ महिने ओझं वागवलंय ते याच झोळीने. आणि पोटावरच्या टाक्यांचं, मधोमध फाकलेल्या स्नायूंचं वेगळं काम होऊन बसतं, त्यालाही फिजिओच लागते.

माझी कॉलेजातली मैत्रीण फ्रान्समध्ये लिऑनला असते. तिथे बाळंतपणानंतर सुईण किंवा डॉक्टर खालच्या स्नायूंच्या व्यायामाचे दहा सेशन लिहून देतात आणि त्याचे पैसे सरकारी विमा भरतो, हे तिकडे इतकं रोजचं आहे की ऑफिसात बाया एकमेकींना विचारतात, तुझे दहा झाले का? तिला मी माझं रडगाणं ऐकवलं तर तिला आधी कळलंच नाही की मी तक्रार कशाची करतीये. "पण मग तुमच्याकडे कोणाकडे पाठवतात?" कोणाकडे नाही गं बाई. मात्र तिला तिकडे मालिशवाली मावशी मिळाली नाही, आई व्हिसा संपला म्हणून तिसाव्या दिवशी परत आली, आणि दुपारची झोप काय असते ते ती विसरली. दोन्हीकडचं मिळून एक धड बाळंतपण झालं असतं.

फिजिओ आणणार कुठून, हा प्रश्न खरा आहे. शहरात निदान मिळतात, मला एका सेशनला ८०० रुपये पडले, नऊ सेशन झाले, विम्यातून एक रुपया नाही मिळाला कारण ओपीडी. माझ्या घरी भांडी घासायला येणाऱ्या ताईंना हे परवडणार नाही, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त गरज आहे, त्या तिसऱ्या महिन्यात कामावर आल्या, चौथ्या मजल्यावर बादल्या उचलायला. कागदावर सव्वीस आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून आहे, ती त्यांच्यासाठी नाही. पण मराठी मुलीच फिजिओ होत नाहीत असं थोडंच आहे? नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखालच्या कॉलेजांतून साडेचार वर्षं शिकून दर वर्षी मुलं-मुली बाहेर पडतात, त्यांत मुलीच जास्त दिसतात, आणि बऱ्याच जणी पुण्या-मुंबईत गुडघे-मान-कंबर करत बसतात. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असतो, त्यात लकवा आणि फ्रॅक्चरवाले येतात, पार्टिशन अर्धं, दार उघडं. तिथे आठवड्यातून दोन दुपारी एक बाई फिजिओ, एक बंद होणारं दार आणि एक पडदा, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. मोठी इमारत नको, उद्घाटन तर नकोच.

माझं म्हणाल तर तिसऱ्या सेशनला मला पहिल्यांदा नीट जमलं, तिसऱ्या महिन्यात शिंक कोरडी गेली. मी लिफ्टमध्ये होते, एकटीच. मोठ्याने "अरे वा" म्हटलं. अजून सर्दी जोरात झाली की भरवसा नसतो, खोटं कशाला बोलू, पण पर्समधलं पॅड गेलं.

तर विचारणं. मी आमच्या भागातल्या एका आशाताईंना म्हटलं की तुम्ही बेचाळिसाव्या दिवशी जाता तेव्हा हे विचारता का. त्या म्हणाल्या, फॉर्मवर नाही, पण मी विचारते. मग कोणी सांगतं का? "लघवी सुटते का असं विचारलं तर एकजात सगळ्या नाही म्हणतात, सासू बसलेली असते ना समोर." मग? "मग मी सासूला चहा टाकायला लावते, आणि विचारते, शिंक आली की काय करतेस गं? पायावर पाय टाकतेस का?" आणि? "नाही टाकत ती नुसती बघते माझ्याकडे, काय विचारतायत म्हणून. टाकते ती हसते."